उरणला न पोचलेला नियम

बुध., ६ ऑगस्ट
हेमलता कोळीची बदली, उरण यार्डातून अलिबाग हापिसात. कंटेनर सोडायचा तिचा कॉम्प्युटरवरचा हक्क मी सकाळी काढून टाकला. कंपनीच्या तिन्ही ठिकाणच्या सर्व्हरवर नियमांची आपापली प्रत. अलिबागला बदललं की बाकीच्यांनी उचलायचं. अलिबागला हिरवी खूण आली. बाकीच्यांनी उचललं का, बघितलं नाही. गुडघा दुखतोय.

गुरु., ७
उरण. टपरीवर गेटचा दिनेश, माझ्याकडे पाठ, कोणाला तरी सांगत होता, "हेमाताईचा पासवर्ड चालतो अजून, घाबरतंस कशाला?" कानांनी टिपलं. पण उठायचा कंटाळा. उद्या बघू.

शनि., ९
बघितलं नाही. काल नारळी पौर्णिमा, निम्मं यार्ड बंदरावर नारळ सोडायला. इथली रीत: सणाला जाणारा आपला पासवर्ड शेजारच्याला देऊन जातो, काम अडू नये. गेटवर रजिस्टर लिहीत होतो तेव्हा मीही दिलाय. हेमाने गेल्या पुनवेला दिलेला, दिनेशकडे तसाच. काल त्यावर त्याने कस्टमची परवानगी न आलेला कंटेनर सोडला. "चुकून, दादा." नोंदीत नाव हेमाचं.

रवि., १०
उरणची नेटची लाइन मंगळवारपासून बंद. तिथला सर्व्हर जुन्या प्रतीवरच. ताजी प्रत नसेल तर कोणालाच सोडू देऊ नये, असा नियम होता. मीच काढला. लाइन गेली की ट्रकांची रांग, आणि शिव्या मला...

सोम., ११
शेठ : "नाव तिचं, जबाबदारी तिची. उद्या चौकशी, परवा घरी."
"शेठ, ती उरणला नव्हतीच."
"मग कॉम्प्युटरने आपणहून सोडला? तसं लिहून द्या. मग तुम्ही घरी." हसले. मीही हसलो. सवय.
दोन कागद लिहिले. एकात पासवर्ड दिल्याचा दोष तिचा; खोटा नाही. दुसऱ्यात सगळं, टपरीसकट. माझ्या हाताखालच्या चार पोरांचं पोट शेठच्या या एका कामावर.

दु. हेमाचा फोन. "दादा, उद्या तुम्ही काय बोलनार तेवढं आजच सांगा. आईला सांगायचं का नाय, ते मी ठरवीन."
"जेवलीस का?"
"मी इचारलं ते सांगा ना."
फोन कानाला धरूनच दोन्ही कागद पुढ्यात ओढले.