गळ्याची शपथ

भिलाई,
ता. १२ जानेवारी १९६४

श्री. चंपतराव भाऊ यांस,
शालिकरामचा रामराम. गोंदियाले सारे मजेत असाल. इकडे पोरं ठीक आहेत, थंडी भल्ली पडली आहे.

आता मुद्द्याचं लिहितो. तुमच्या बहिणीनं मले क्रेनवरून उतरवलं.

दिवाळीत तुम्ही ब्लडप्रेशर मोजायची पेटी आणून दिली. कंपाउंडर माणूस तुम्ही, कानात नळी घालून ठोके कसे ऐकायचे तेही मथुराले शिकवून गेले. तेव्हापासून या घरात चहाच्या आधी माझ्या दंडाले पट्टा बसते. ती हवा भरते, पाऱ्याकडे पाहते अन् तोंड पाडते. शेजारचा हिरालाल खिडकीतून विचारते, "का हो, आज टायरात हवा किती?" मी तेही हसून नेलं. पण मीठ बंद? वांग्याची भाजी अळणी? बैलाच्या ढेपेतही आपण मीठ टाकतो, भाऊ!

बरं, हेही खपवून घेतलं असतं. पण मागच्या सोमवारी ती डोक्यावर पदर घेऊन थेट प्लांटच्या गेटवर गेली. आमच्या फोरमनले बाहेर बोलावलं अन् म्हणाली, "साहब, इनका प्रेशर दो सौ के ऊपर है. इनको क्रेन पर मत चढने देना." सगळ्या शिफ्टच्या देखत! त्याच दिवशी डॉक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या अन् मले स्टोअरात बसवलं. भट्टीतून पहिलं पोलाद निघालं तेव्हापासून मी तिथं क्रेन चालवली. आता तिथल्याच पोरांले हातमोजे वाटत बसतो. कावून? तर बायको म्हणाली म्हणून.

घरी येऊन मी खूप ओरडलो. "माझ्या गळ्याची शपथ घेतली होती तू!"

"ती शपथ पाळली असती, तर गळा राहिला असता का तुमचा?" म्हणाली. पेटी माझ्यापुढे आदळली. "आता तुमचं तुम्ही मोजा." त्यावर बोलणं बंद.

शपथ कशाची, हे लिहायचं नव्हतं. पण न लिहिता तुम्ही माझीच बाजू खरी मानाल.

डिसेंबरात एक दिवस वितळल्या पोलादानं भरलेली लॅडल, म्हणजे ती घराएवढी बादली, क्रेनले टांगली होती. वर केबिनात मले एकाएकी अंधारी आली. खाली भट्टीजवळ काम करणारा आमच्या शिफ्टचा लहानू ओरडला, "उस्ताद, रोको!" तेव्हा शुद्ध आली. बादली त्याच्याच डोक्याकडे सरकून राहिली होती. थांबवली. "डोळ्यात कचरा गेला," असं मी त्याले सांगितलं. संध्याकाळी मथुराजवळ खरं बोललो अन् कोणाले सांगू नको म्हणून शपथ घातली. ती रोज म्हणे, डॉक्टरले दाखवा. मी रोज चढत राहिलो. क्रेन सुटली तर मी कोण, हेच मले समजत नव्हतं.

परवा तिच्या ताटातली भाजी चाखली. तीही अळणी. पोरांची मिठाची वेगळी काढते, स्वतः मात्र माझ्यातलीच खाते. कधी बोलली नाही.

काल सकाळी मी एकटाच मोजायले बसलो. पट्ट्याचं टोक दातात धरून गुंडाळलं, फुगा दाबला, तर कानातली नळी निसटली. पुन्हा हवा भरली. पारा खाली उतरून गेला, पण ठोका काही सापडेना. मथुरा दारात उभी होती.

"मथुरा, मले आयकू नाही येऊन राहिलं," म्हणालो.

तिनं हात पदराले पुसले, खाली बसली, नळी कानात घातली. "हात ढिला सोडा." मग बराच वेळ ऐकत राहिली. "एकशे सत्तर." पट्टा काढला तरी माझं मनगट तिनं सोडलं नाही.

राग अजून आहे, भाऊ. गेटवर जायच्या आधी मले विचारायले पाहिजे होतं. विचारलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हेही खरं.

उद्या लहानू हातमोजे न्यायले येईल. डोळ्यात कचरा गेला नव्हता, हे त्याले माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. त्यानं कॉलर धरली तर धरू द्या.

वहिनींले नमस्कार, पोरांले आशीर्वाद.

आपला,
शालिकराम
स्टोअर, स्टील मेल्टिंग शॉप