अण्णांच्या वाटीतला अळीव

बोईसर, १५ एप्रिल २०२५
ती. वहिनीस सुलूचा सा. न.

फोनवर बोलले की अण्णा सगळं ऐकतात, म्हणून लिहिते. चिठ्ठी कामावरून परतणाऱ्या तुमच्या शेजारच्या दीपिकाच्या हाती देते.

अण्णांचा ताप उतरून बारा दिवस झाले, पण जेवण नाही. डॉक्टरांनी हलकं द्यायला सांगितलं म्हणून दुधी किसून पेज करते, दुधीची भाजी करते. दोन चमचे, की ताट सरकलंच. पुढच्या बुधवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर दाखल करून नळीने अन्न देणार. त्यावर अण्णा म्हणाले, त्यापरीस माहीमला माझ्या सुनेकडे नेऊन टाका. तुमच्या हातचं ते खायचे. काय करू ते लिहा. माझ्या स्वयंपाकाला नावं पुढच्या पत्रात ठेवा.

माया आहेच, ती राहू द्या.
सुलू

माहीम, १६ एप्रिल
चि. सौ. सुलूस आशीर्वाद.

सूप कर. दुधी, एक शिराळं, एक टोमॅटो तांब्याभर पाण्यात शिजव, घोट, गाळ. मीठ आणि थोडं लिंबू. वाचनालयातल्या पुस्तकात वर लोणी घालायला सांगतात, तू घालू नकोस. थाळीत उगवलेला अळीव पाठवते. त्याचा कोवळा पाला मिरीसारखा झोंबतो. वाटी समोर ठेवल्यावर कात्रीने कापून वर टाक. शिजवायचा नाही. तू शिजवशील म्हणून पुन्हा लिहिते, शिजवायचा नाही.

कळव, वाट बघते.
तुझी वहिनी

बोईसर, १९ एप्रिल
ती. वहिनीस सा. न.

पाला शिजवला नाही. अण्णांनी तो बोटांनी वेचून सगळा खाल्ला आणि वाटी सरकवली. म्हणाले, पाला बरा हाय, बाकी नको. आजही तेच. बुधवार जवळ आला, वहिनी. मला काही सुचत नाही.

सुलू

माहीम, २० एप्रिल
चि. सुलूस आशीर्वाद.

तिखट कळतं, म्हणजे जीभ ठीक आहे. नको आहे तो दुधी.

गेल्या वर्षी ह्यांच्या श्राद्धाला अण्णा गयेला गेले होते. तिथे गेलेल्याच्या नावाने एक भाजी जन्मभरासाठी सोडतात. परत आल्यापासून मांडवावरचा दुधी ते शेजारी वाटून टाकायचे. मला वाटलं, फार लागलाय म्हणून. तुझ्या दादाला दुधी आवडायचा, म्हणून त्यांनी तोच सोडला असणार, हे मला तरी सुचायला हवं होतं. आणि कृतीत मी पहिला दुधीच लिहिला. चूक माझी.

आता पडवळ घाल, आणि पडवळ चिरतेय असं त्यांना ऐकू जाईल असं बोल. अळीवाची दुसरी थाळी उद्या दीपिकाबरोबर येईल.

काळजी करत बसू नकोस, चिरायला घे.
वहिनी

बोईसर, २३ एप्रिल
ती. वहिनीस सा. न.

दोन दिवस, दोन्ही वेळा, दोन दोन वाट्या. आज वजन पाव किलो वाढलेलं निघालं. नळीचा विषय डॉक्टरांनी काढलाच नाही. मी अण्णांवर चिडले, दुधी सोडलाय हे सांगायला काय झालं होतं? म्हणाले, लेकीच्या सासरी बसून हे नको, ते नको करायचं नाय. चार दिवस आणखी ठेवून रविवारी त्यांना आणून सोडते. ते विचारतात, सूनबाईने काय सोडलंय? चुकून तेच मागायचो.

तुमची सुलू

माहीम, २४ एप्रिल
चि. सुलूस आशीर्वाद.

अण्णांना सांग, मी काही सोडलेलं नाही. तेराव्याला बायकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, गेलं तेवढं पुरे.

अण्णा तुझ्याकडे आल्यापासून मांडवावरचा दुधी मीच काढते आणि खाते. ह्यांना आवडायचा, म्हणूनच खाते. अण्णांना चालणार असेल तर पुढेही खाईन. त्यांच्यासाठी पडवळ वेगळं शिजेल. त्यांना हे वाचून दाखव, आणि काय म्हणतात ते रविवारी येण्याआधी कळव.

तुझी वहिनी