पापडाची एक लाटी

मंगळवार, दिवेलागणीला

सुमनला उद्याच रोह्याला परत जायचंय. आत्ताच नवऱ्याला फोनवर म्हणाली, "न्यायला या."

वजन कमी करायला तिचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा मीच हट्टाने लेकीला पेणला आणलं. तिच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. डॉक्टरांनी सध्या पातळच सांगितलंय; त्या वाटीतच मुगाचं पाणी देते, तेही अर्धं उरतं.

आज शेजारणी पोह्याचे पापड लाटायला आल्या. पापडाला बसलेल्या प्रत्येकीने तेलात बुडवून एक कच्ची लाटी खायचीच, ही आमच्याकडची रीत. काशी सुमनला म्हणाली, "कवढी वाळलीस गो! आयशीकडे पण उपास हाय काय?" सगळ्या हसल्या. मला लागलं ते. मीच म्हटलं, "एक खा गो, एका लाटीने काय होतंय?" माझ्या तोंडाकडे बघून तिने खाल्ली.

मग पोट धरून मोरीत ओकत बसली. डॉक्टरांनी फोनवर फक्त घोट घोट पाणी द्यायला सांगितलं. पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "आई, ऑपरेशनची नाय वाटली एवढी तुझी भीती वाटते."

एक लाटी. काशीला गप्प करायला दिली का मी?

वाटी घासून पालथी घातली. रोह्याला जावई शिफ्टला गेला की ती एकटीच. थांब गो, म्हणायला जावंसं वाटतं. पण खायला काही न घेता, तिच्याजवळ रिकाम्या हाताने कसं जायचं, तेच मला येत नाय.