तिसऱ्या पुकाऱ्याआधी

प्रिय आई,

हे पत्र इंदुताईंची पायल तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. नातीला मी बजावलंय, मधलं काही गाळायचं नाही आणि स्वतःचं काही घालायचं नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोनदा उठून गॅस बघून आले. गॅसवर काहीच नाही.

तुम्ही कामठीला लेकीकडे, इंदुताईंकडे निघून गेलात तेव्हापासून माझं हे असंच चाललंय. धंतोलीच्या दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता सासू-सून दोघी निवांत बसू. पण आयुष्यभर वॉर्डात धावलेल्या बाईचे पाय काही ऐकत नाहीत. पडदे धुतले, डबे घासले, तुमची खाट खिडकीशी ओढली आणि पुन्हा होती तिथे नेली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून वं, इतकी काहून धावून राहिली? कोणी मागं लागलं काय?" कोणी लागलेलं नाही. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, त्यातला माझ्या लग्नाचा तिसरा आणि शेवटचा पुकारा येत्या रविवारी आहे, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

पहिल्या पुकाऱ्याला तुम्ही गुडघ्यांमुळे चर्चला आला नव्हता. दुसऱ्याला आलात, स्पीकरजवळच्या तुमच्या बाकावर बसलात. पाळकसाहेबांनी वाचलं, विधुर प्रेमानंद आणि दिवंगत रविंद्र यांची विधवा सत्यवती यांचा विवाह ठरला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. आणि तुम्ही उभ्या राहिलात. पाळकसाहेब बिचारे नवीन, त्यांनी वाचलेला कागद पुन्हा वाचून बघितला. त्यांनी विचारलं, "अंजनाबाई, आपली काही हरकत आहे का?" तुम्ही मागे वळून माझ्याकडे पाहिलंत, पिशवी उचललीत आणि चालत्या झालात. हार्मोनियमवर बसलेल्या प्रेमानंदांनी पुढचं गीत इतक्या खालच्या सुरात धरलं की मंडळीला गाताच येईना. मी घरी पोचले तर दाराला कुलूप.

दुपारपर्यंत मंडळीत सगळीकडे झालं, सासूने हरकत घेतली. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू. रागही आला तुमचा. इतकी वर्षं एका घरात राहिलो, तोंडावर नाही म्हणायचं होतं, चारचौघांत कशाला? प्रेमानंदांनी आपल्या कूलरचं गवत बदललं तेव्हा तुम्हीच त्यांना चहा केलात ना? ते गेल्यावर म्हणालात, "माणूस चांगला हाय, पण बोलते लय." मी तो होकारच धरला होता. दोन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि त्या भांडणातही तुम्हीच जिंकत होता.

मग पायलचा फोन आला. ती म्हणाली, आजी एकच बोलते, "माह्या पोराचं नाव घेतलं चर्चमधी, अन् मी बसून राहू काय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्मरणाच्या उपासनेत दिवंगतांची नावं वाचतात आणि ज्याच्या त्याच्या घरचे उभे राहतात. रविंद्र गेले तेव्हापासून दरवर्षी आपण दोघी उभ्या राहतो. नाव कानावर पडलं आणि तुमचे दुखरे पाय आपोआप उठले. वळून बघता तर मी बसलेली. तुमची हरकत पुकाऱ्याला नव्हतीच, माझ्या बसण्याला होती.

आई, मी विसरले म्हणून बसून राहिले नव्हते. त्या क्षणी मला फक्त माझंच नाव ऐकू येत होतं. या वयात नव्या नवरीसारखी मान खाली घालून बसले होते. लाज वाटत होती, आनंद होत होता, आणि आनंद होतोय याची पुन्हा लाज. येत्या रविवारी रविंद्रचं नाव वाचलं जाईल तेव्हा मी उठणार आहे. पाळकसाहेब घाबरले तर घाबरोत.

आता जे तुम्हालाही कधी बोलले नाही ते सांगते. रविंद्र गेल्यावर मी प्रार्थनेत एकच मागत आले, देवा, मला आहे तशीच ठेव. यालाच मी विश्वास समजत होते. यंदा उपवासकाळात एकदा गुडघे टेकले आणि ते वाक्य तोंडातून निघेना. दुःख आलं तेव्हा प्रभूच्या हातचं म्हणून मी मुकाट्याने घेतलं, आणि आता तोच हात काही चांगलं द्यायला पुढे आला तर मी माझे हात पदराखाली लपवून उभी. हा कुठला विश्वास? त्याच दिवशी प्रेमानंदांना हो म्हटलं. त्यानंतर मनाला शांती लाभली असं लिहिलं तर ते खोटं होईल. उपदेशात सांगतात, विश्वास ठेवला की धाकधूक जाते. माझी काही गेली नाही. पण मागे फिरावंसं वाटत नाही, आणि ही ताकद माझी नाही एवढं मला कळतं.

मी घर सोडून कुठेही जाणार नाही. प्रेमानंदच इकडे येतील, एक सुटकेस आणि हार्मोनियम घेऊन. त्यांच्या गेलेल्या बायकोचा, वच्छलाबाईंचा फोटो कुठे लावायचा, हे ते फार संकोचून विचारत होते. मी म्हटलं, रविंद्रच्या शेजारी लावू, त्या दोघांचीही ओळख होऊ दे. तुमच्या खोलीला हात लावायचा नाही, अशी ताकीद त्यांना देऊन ठेवली आहे. सकाळी सूर लावतात ते मात्र तुम्हाला सोसावं लागेल. तुम्हाला कमी ऐकू येतं, तेवढी तुमची सोय.

काल पाळकसाहेबांनी बोलावलं होतं. लग्नाच्या विधीत ते विचारतात ना, या स्त्रीला विवाहात कोण देत आहे? पहिल्या लग्नात माझे बाबा उभे होते. आता बाबा नाहीत, भाऊ नाही. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीतले रुपराव उभे राहतील, वडीलधारे आहेत. मी म्हटलं, माझं माणूस आहे. कोण, म्हणाले. मी तुमचं नाव सांगितलं. सासूने सुनेला दिल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आई, मी परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. बाबांनी मला एकदा दिलं ते तुमच्या घरी. तेव्हापासून मी तुमची आहे, मग मला द्यायचा हक्क दुसऱ्या कुणाला कसा असेल? लग्नाच्या दिवशी पायलला घेऊन या. दारापासून वेदीपर्यंत आपण हळूहळू चालू, गुडघे दुखले तर मध्ये थांबू, लोक थांबतील. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला की मी तुमचा हात दाबीन. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच म्हणा, मी.

तुमचीच,
सत्यवती