एक लेखिका, सुमारे १८२०

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड,
९ ऑगस्ट

ती. सुरेखावन्सं,
सा. नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भावजींचं फिरणं चालू आहे ना? इथे आम्ही सगळे मजेत. शंतनुचं हॉस्पिटल, सलोनीचं ऑफिस, इराची शाळा. थंडी मात्र हाडात शिरते आणि वारा तर विचारूच नका. रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुमचा चेहरा दिसतो आणि माझं बोलणं अडतं. म्हणून लिहितेय.

सकाळी घर रिकामं झालं की मी इथल्या आर्ट गॅलरीत जाऊन बसते. हीटर चालू असतो आणि तिकीट नाही. मे महिन्यात तिथे विलायतेतली जुनी चित्रं आली होती. त्यातल्या एका बाईसमोर मी खिळले. मागे काळंभोर आभाळ, केस सुटलेले, खांद्यावरून घसरलेली शाल, हातात पिसाची लेखणी. खाली पाटी: 'एक लेखिका, सुमारे १८२०'. नावसुद्धा नाही. बघते आहे ती चौकटीबाहेर, दूर कुठेतरी. आतून कोणीतरी हाक मारली आहे आणि ही मुद्दाम ओ देत नाही, असं मला वाटलं.

शेजारच्या बाकावर एक गृहस्थ वहीत तिची नक्कल काढत होते. एकदम पुटपुटले, "च्यायला, हात काही जमत नाही."

मला हसूच फुटलं. "मराठी का तुम्ही?"

कानापर्यंत लाल झाले बिचारे. सुधाकर त्यांचं नाव. मूळचे कोल्हापूरचे, तरुणपणी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले आणि राहिले. जन्मभर मातीवर संशोधन केलं, आता निवृत्त होऊन चित्रं काढतात. बायको विनया बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. त्यांनी मला सांगितलं, त्या रोमँटिक काळात लेखकांना असंच रंगवायचे, वादळासमोर उभं करून.

"तुम्ही काय करता?"

"काही नाही. पूर्वी कथा लिहायचे."

"मग लेखिकाच की."

"लिहायचे, म्हटलं मी."

"ऐकलं मी," ते म्हणाले. "तुमचं चित्र काढू का? असंच?"

वन्सं, मी नाही म्हणाले. दोनदा. मग सलोनीच म्हणाली, "आई, जा हो, घरात बसून काय करताय!" टेकडीवर पवनचक्क्यांपाशी त्यांनी मला उभं केलं आणि क्षणात माझा अंबाडा सुटला. मी केस गोळा करायला लागले, तर म्हणतात, "राहू दे, राहू दे! या वाऱ्यासाठीच तर इतक्या वर आलो." पुढचं काम त्यांच्या गॅरेजमध्ये, शनिवारी. हातात पेन, समोर कोरे कागद. नुसतं पेन धरून किती वेळ बसणार? एका शनिवारी मी लिहायलाच लागले. रणजित गेल्यापासूनची पहिली कथा. माझं प्रत्येक बाड ते स्वच्छ अक्षरात उतरवून पोस्टात टाकायचे, तुम्हाला ठाऊकच आहे. ते गेल्यावर कोणासाठी लिहायचं तेच मला कळेना.

कथा पुरी झाली तेव्हा सुधाकरांना वाचायला दिली. त्यांनी शांतपणे वाचली. म्हणाले, "छान आहे. पण शेवट घाईत केलाय."

मला इतका राग आला! घरी आल्यावर त्यांच्या गाडीचं दार धाडकन लावलं. पोळ्या लाटताना कळलं, खरंच घाई झाली होती. शेवट पुन्हा लिहिला. आता ती एका दिवाळी अंकात येते आहे!

गेल्या रविवारी इथल्या हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनात माझं चित्र लागलं. मागे तेच काळं आभाळ, पण त्यात आमच्या पवनचक्क्या. खाली देवनागरीत 'राजश्री, लेखिका'. इरा ओरडली, "आजी, यू लुक सो फिअर्स!" एक गोऱ्या आजी 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार करून जवळ आल्या, मी काय लिहिते ते विचारलं. मी इंग्रजीत धडाधड सांगितलं. मलाच पत्ता नव्हता मला एवढं येतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

प्रदर्शनानंतर कार पार्कमध्ये, एवढ्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर्स, घालून, सुधाकरांनी मला लग्नाचं विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले.

शंतनुने ऐकून घेतलं. सिंकमधली सगळी भांडी घासली, कट्टा पुसला. मग वळला, डोळे भरलेले. "आई, तू खूश आहेस ना? झालं तर मग. पण आत्याला कोण सांगणार?"

मी म्हटलं, मी.

वन्सं, मी खूप आनंदात आहे. तुमच्या भावाला विसरून नाही. तुम्ही रागावलात तरी मला समजेल, पण हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. खाली 'तुमची वहिनी' लिहिताना पहिल्यांदाच हात थांबला.

राजश्री


सांगली,
३० ऑगस्ट

चि. राजश्री,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठीक. तुझं पत्र यांना वाचून दाखवत होते. चित्रातल्या बाईपाशीच मी थांबले आणि म्हटलं, ही मुलगी काहीतरी लांबवते आहे!

रडले का? हो. एक अख्खी संध्याकाळ. ते माझं आणि माझ्या भावाचं, त्यात तू पडू नकोस. पण तो गेल्यावर तू लिहिणं सोडलंस, तेही मला तितकंच लागलं होतं. कोणाशी बोलले नाही एवढंच. दिवाळीत अंक येईल तेव्हा त्याच्या फोटोपुढे मी तो मोठ्याने वाचणार आहे. शेवट कसा केलायस ते आम्ही दोघं बघू.

आता कामाचं. मुलाने व्हिसाचं बघायला घेतलंय. मी येईपर्यंत तारीख धरायची नाही. तिथे लग्नात नऊवारी चालते का, आणि त्या वाऱ्यात ती टिकते का, हे सुधाकररावांना विचारून कळव. आणि त्यांना बूट घ्यायला सांग. लग्नात तुझ्या बाजूने मी उभी राहणार. नणंद म्हणून कोणी तोंडाकडे बघितलं, तर खुशाल बघू दे.

आणि काय गं, हात कशाला थांबला? मी विचारलं होतं का? परत लिहून पाठव, नीट.

तुझी कायमची वन्सं,
सुरेखा