राजानं आपणहून गादी सोडली

ट्रॉय, मिशिगन

शनि. ११ मार्च २००६
आज नाटक वाचून दाखवलं. नानाकाकांच्या बेसमेंटमध्ये, इथल्या मराठी मंडळाची अख्खी कमिटी, अकरा माणसं. गेल्या वर्षी कंपनीच्या कामाला कोरियात दीड महिना काढला, तेव्हा एका रविवारी तिथल्या सहकाऱ्यानं नदीच्या वळणावरची एक जागा दाखवली. तिन्ही बाजूंनी पाणी, मागे कडा. साडेपाचशे वर्षांपूर्वी, बाराव्या वर्षी गादीवर आलेला राजा. सख्ख्या काकानं गादी काढून घेतली, त्याला तिथे नेऊन ठेवलं, सतराव्या वर्षी मारलं. तो पोरगा डोक्यातून जाईना. वर्षभर लिहीत होतो.
वाचन संपलं. मग नानाकाका चिवड्याचा बकाणा भरत म्हणाले, "छान जमलंय मधू. काकाचं काम मी करीन." तीस वर्षांपूर्वी मंडळ त्यांनीच काढलेलं, नाही कोण म्हणणार. दातातला दाणा व्हिजिटिंग कार्डाच्या टोकानं काढत होते आणि तेच कार्ड परत खिशात. शी. चिटणीस म्हणून लिहून घेतलं : गणेशोत्सवात नाटक, एकमताने मंजूर.

रवि. २ एप्रिल
राजा मिळाला. अनुज, तेरा वर्षांचा, शलाकाचा मुलगा. शलाका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, शनिवारीही ड्यूटी. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून एकटीच आहे. ती आली की मंडळातल्या बायकांचे आवाज खाली, गेली की वर. ऐकून वीट आला.
रविवारच्या मराठी शाळेत जातो तरी अनुजला देवनागरी वाचता येत नाही. सौ.नं सगळे संवाद रोमन लिपीत कार्डांवर लिहून दिले. तालमीला ने-आण माझ्याकडे. गाडीत म्हणाला, "काका, डझ ही डाय फॉर रिअल?" म्हटलं, हो. "अँड नोबडी स्टॉप्स इट?" म्हटलं, सहा मंत्री प्रयत्न करतात, तेही मरतात. घर येईपर्यंत मांडीवरची कार्डं चाळत होता.

शनि. १३ मे
अनुजनं राजाची टोपी केली! हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीची काळी जाळी आणली, तारेवर ताणली, शिवली. तिथल्या जाळीदार टोपीचा फोटो मी एकदाच दाखवला होता.
'र' अमेरिकन लागतो त्याचा, लागू दे. नदीकाठी तो नुसता उभा राहून लांब बघतो, तेवढ्यानं काम होतं. कसं जमतं विचारलं तर, "आय जस्ट वेट फॉर मॉम्स कार."
शेवटचा प्रसंग माझा. राजाचं प्रेत नदीत टाकलंय. जो हात लावील त्याचा निर्वंश, अशी दवंडी. गावचा एक साधा कारकून जातो, प्रेत पाठीवर घेतो, बर्फातून डोंगरात नेऊन पुरतो. ते काम मी मागून घेतलं. आज अनुजला पाठीवर घेऊन बघितलं. जड आहे कार्टं. कंबर धरली.

शनि. १० जून
नानाकाकांच्या सूचना सुरू. "सत्तरीत मी खलनायक? या देशात उतरल्या उतरल्या ज्यांना मी पहिलं जेवण घातलं, ते समोर बसणार!" म्हणून आता मंत्री काकाच्या पाया पडतात, राज्य बुडतंय, तुम्हीच घ्या. मी म्हटलं, असं झालंच नाही. "अरे इतिहास कोण बघायला येतंय? लोक बटाटेवडे खायला येतात."
सगळे हसले. मीही. वर मीच गंमत म्हणून सांगितलं की तिथल्या दरबारी नोंदीतसुद्धा असंच लिहिलंय, राजानं आपणहून गादी सोडली. नानाकाकांनी झडपच घातली. "बघ! नोंद आहे! आणि तू मला व्हिलन करतोस!" आयतं दिलं हातात. मूर्ख आहे मी.

शनि. २४ जून
शेवटचा प्रसंग गेला. स्टेजच्या डावीकडे मूर्ती असते. नानाकाका म्हणाले, "गणपतीपुढे प्रेत? सणासुदीला?" काकूंनी आतून पोह्यांचा ट्रे आणता आणता दुजोरा दिला, "बाप्पासमोर कुणी मरत नसतं बाई." मी म्हटलं, तेवढ्यापुरता मूर्तीपुढे पडदा ओढू. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले... "गणपतीला झाकायचं?" संपलं.
म्हणजे आता राजा मरतच नाही. नदीकाठी सुखात राहतो, काका भेटायला जातो, मिठी मारतो. मी मान डोलावली. पोहेही खाल्ले, दुसऱ्यांदा घेऊन.
घरी येऊन म्हटलं, बरं झालं, कंबर वाचली. सौ. हसली नाही.

रवि. १६ जुलै
हे लिहून झाल्यावर हात धुवावेसे वाटणार आहेत.
कमिटीची बैठक. विषय चौथा, राजाची भूमिका. नानाकाका : "अनुजचं मराठी ऐकवत नाही. माझा नील करेल, अल्फारेटाहून विमानानं येईल." नील म्हणजे नातू. त्याचं मराठी अनुजच्या चार पायऱ्या खाली. तालीम कशी करणार? "स्पीकरफोनवर." बाकीची दहा माणसं आपापल्या बशीत बघत होती. माझ्या बशीत अर्धा लाडू होता, नीट आठवतोय.
कुणीतरी पुटपुटलं, पोराला वाईट वाटेल. नानाकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "वाईट कशाला वाटू द्यायचं? लिही ना मधू. अभ्यासामुळे अनुजने आपणहून भूमिका सोडली. त्याचीही शान राहील."
लिहिलं. माझ्या अक्षरात. खाली सही.
जेवलो नाही. वर्षभर त्या दरबारातल्या नोंदी लिहिणाऱ्याला शिव्या देत होतो.

मंगळ. १८ जुलै
सांगायला मीच गेलो, दुसरं कुणी जाणार नव्हतं. शलाका नुकतीच कामावरून आलेली, अंगात लॅबचा कोट तसाच. ऐकून घेतलं. "दादा, तुम्ही काय म्हणालात तिथे?" म्हटलं, मी काय, नुसता चिटणीस. तिनं पाणी हवंय का विचारलं.
अनुज आतून टोपी घेऊन आला. "नील विल नीड इट." नीलचं डोकं मोठं असलं तर, म्हणून मागे इलॅस्टिक लावलं होतं.


शनि. ९ सप्टें.
झालं नाटक, भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये. नील दोनदा विसरला, तिसऱ्यांदा "व्हॉटेव्हर" म्हणाला. हशा, टाळ्या. नानाकाकांनी त्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. खरंच रडत होते हो! अडीचशे माणसं उभी राहिली. आभारप्रदर्शन माझं. "नानाकाकांच्या मार्गदर्शनाखाली" दोनदा म्हणालो, एकदा पुरलं असतं.
शलाका, अनुज आले नव्हते.
नंतर शाळेच्या बँडरूममध्ये, तीच ग्रीनरूम, टोपी जमिनीवर पडलेली. वर बुटाचा ठसा, जाळीत हिरवी चटणी. उचलली, पिशवीत घातली. अख्ख्या नाटकात मी तेवढंच उचललं.

रवि. १ ऑक्टो.
किराणा दुकानात अनुज भेटला, आईसोबत. शलाका तांदळाकडे वळली, तो माझ्याजवळ थांबला. "काका, द गाय हू कॅरीड हिम. डिड दे कॅच हिम?" म्हटलं, नाही. राजाला पुरलं आणि मुलाबाळांना घेऊन गाव सोडून गेला, लपून राहिला. "अँड द किंग?" म्हटलं, दोनशेहून जास्त वर्षांनी त्याला परत राजा म्हणायला लागले. "दॅट्स टू लाँग."
मग खाली बघून, "आय डिडन्ट क्विट, यू नो. मराठी शाळेत सगळे म्हणतात आय क्विट. दे कॉल मी क्विटर."
माझ्याच वाक्याला पाय फुटलेत. आणि मी काय केलं, तर त्याला चिक्कीचं पाकीट घेऊन दिलं. थू.

शनि. ४ नोव्हें.
नानाकाकांना फोन केला. म्हटलं, ते वाक्य खोटं आहे, बदलू या. ते शांतपणे म्हणाले, "सही कुणाची आहे? तुझीच ना? मग स्वतःलाच खोटं पाडणार?" आणि वर, "पुढच्या वर्षी अध्यक्ष तूच, मी ठरवलंय."
नाही म्हटलं नाही मी. "बघू" म्हटलं. फोन ठेवून सिंकमध्ये थुंकलो. सौ. मागे उभी होती. "कोणावर थुंकलास?" विचारलं तिनं. तिला माहीत होतं.

रवि. १२ नोव्हें.
शाळेच्या कॅफेटेरियात बसून लिहितोय, वही मांडीवर. वार्षिक सभा. वर्षभराच्या बैठकांचं इतिवृत्त सगळ्या सभासदांपुढे मोठ्यानं वाचायचं आणि हात वर करून कायम करायचं, ही नानाकाकांनीच घालून दिलेली पद्धत. विषय पहिला. वाचणार मी. एकदा कायम झालं की झालं.
साठ-सत्तर माणसं आहेत. समोशांचा वास. नानाकाका पहिल्या रांगेत, बोटं पुसताहेत खुर्चीच्या खालच्या बाजूला.
आत्ता दार वाजलं. शलाका, मागे अनुज. शेवटच्या रांगेत बसले. बायकांचे आवाज खाली आले. अनुज माझ्याकडे बघत नाहीये, लांब खिडकीकडे बघतोय, नदीकाठी बघायचा तसा.
टोपी माझ्या खुर्चीखाली, पिशवीत. धुतली काल, चटणी निघाली, ठसा पूर्ण गेला नाही. १६ जुलैचं पान उघडलंय. अक्षर चांगलं आहे माझं, पहिल्यापासून.
"चला चिटणीस," नानाकाका म्हणतायत, "भराभर वाचा, सगळं कायमच आहे."
कंबर दुखतेय. टोपी बाहेर काढलीय. उभा राहतोय.