शालीची शिवण

लेतेब्रहान मावशी,

फोनवर सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. टपालात टाकणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझा लेक किब्रेआब सिसिलीत बोटीतून उतरला, तेव्हा डॉक्टरीणबाईंची दुभाषी मीच होते. "ताप येतो का?" तर म्हणाला, "येऊन गेला. प्रार्थनेने उतरला." रक्तात काही दिसलं नाही. "अंगावर उवा?" तसा उसळला, "ताई, मी काय भिकारी वाटलो? डोकं बघ, तुळतुळीत आहे!" सगळे हसले. मीही हसले.

मावशी, हा मेला ताप उतरतो आणि परत येतो. तो ज्या उवांमुळे होतो, त्या डोक्यात नसतातच, कपड्यांच्या शिवणीत बसतात. तो पुन्हा तापला, तेव्हा रक्तात जंतू वळवळताना दिसले. मग सदऱ्याखाली पोटाला गुंडाळलेली तुझी पांढरी शाल सापडली, तिच्या शिवणीत उवाच उवा. लिबियाच्या कोठडीतही त्याने ती सोडली नव्हती. औषध दिलं, पण त्याचं काळीज आधीच थकलं होतं.

काल तू म्हणालीस, "पोरी, निदान माझी शाल तरी पाठव. धुऊ नकोस, त्याचा वास असेल तिला."

ती आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत जाळली, मावशी. तो एकच म्हणत होता, "आईला सांगू नकोस."

तुझी,
म्हरेत